देवी आल्या तो चैत्र

चैत्र लागला की सोलापुरात भर दुपारी एक विचित्र शांतता पसरते. रस्त्यावर माणूस दिसत नाही, कुत्री गटाराच्या कडेची ओल शोधून निजतात आणि कडुलिंबाचा बारीक पांढरा मोहर वारा नसतानाही गळत राहतो. जिन्यात, उंबऱ्यावर, वाळत घातलेल्या धुण्यावर येऊन पडतो. लोकांना त्याचा वास गोड लागतो. मला तो आला की पाठीखाली पाला टोचू लागतो आणि डोळे आपोआप मिटतात. इतकी वर्षं झाली, तरी चैत्रातल्या दुपारी मी खोलीत एकटी बसत नाही. कुणी तरी जवळ लागतं.

परवा दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीण अगदी कोवळी पोर. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि विचारलं, "आजी, लहानपणी भाजलं होतं का?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. देवी आल्या होत्या."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाली, "अच्छा, ते. पुस्तकात वाचलंय मी. आता जगात कुठंच नाही तो रोग."

चांगली बातमी द्यावी तसं तिनं सांगितलं, आणि बातमी चांगलीच आहे. पण घरी येताना रिक्षात माझ्या मनात आलं, मग ती गेली कुठं? जिच्या नावानं अख्खी गल्ली आवाज खाली करायची, जिच्यासाठी विणकर हातातला माग थांबवायचे, जी महिनाभर माझ्या अंगात मुक्कामाला राहिली, ती आता कुठं राहत असेल?

माझं माहेर दुधनीच्या पलीकडं. शेरडं, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरात कानडी. तिथं मी गौरव्वा होते. लग्न होऊन सोलापुरात भवानी पेठेत आले तेव्हा सासूनं माझं नाव गवरा केलं. गिरण्यांचा काळ तो. पेठ भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. माझा नवरा मारुती गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, कामाला होता. घरात माणसं तीनच, तो, मी आणि सासू भागाबाई. सासूला मी आत्ती म्हणत असे. कानडीतही सासूला जवळजवळ तसंच म्हणतात. त्या घरात तेवढा एकच शब्द मला आयता मिळाला, बाकीचे सगळे शिकावे लागले. लिहायला तर फार उशिरा शिकले.

आत्ती कोरडी बाई. मला कधी मारलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. "पानी भरलंस का?" "व्हय." "मग बस." असं आमचं बोलणं. मी पंधरा-सोळा वर्षांची असेन. कूस अजून उजवली नव्हती आणि नळावरच्या बायका मारुतीच्या दुसऱ्या लग्नाचं हळूच बोलू लागल्या होत्या. आत्ती त्यांना होही म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

आमच्या भिंतीला लागून नरसक्काचं घर. तेलुगू विणकरांचं. त्यांचा माग सकाळपासून खटाक-खट चालायचा आणि आमची भिंत त्याच्याबरोबर थरथरायची. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, की तो थांबला तेव्हाच मला कळलं की काही तरी झालं आहे.

झालं होतं ते मला. आधी कंबर मोडल्यासारखी दुखली, मग ताप. त्या वर्षी पेठेत देवीची साथ होती. देवी काढणारा सरकारी माणूस पेठेत येऊन गेला तेव्हा मी माहेरी होते, म्हणून दंडावर टोचून घ्यायचं राहून गेलं होतं. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी नरसक्का दारात आली. तिनं आत न येताच माझ्या कपाळाकडं आणि तळहातांकडं पाहिलं. मग पायातलं काढलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

हात तिनं मला जोडले होते.

"अम्मवारु," ती म्हणाली. तेलुगूत तेच म्हणतात. आमच्या कानडीत 'अम्मा बंदाळ', म्हणजे आई आली आहे. आणि मराठीत देवी. एका गल्लीत तीन भाषा बोलणारी माणसं, पाण्यावरून, सणावरून, सावलीवरून भांडणारी, पण त्या रोगाला तिघांनीही आई म्हटलं. माणसं मारणाऱ्या गोष्टीला आई का म्हणावं, याचा मी पुढं आयुष्यभर विचार केला. घाबरून म्हणतात, गोड बोलून तिला वळवायला म्हणतात, असं शिकलेले लोक सांगतात. ते खरंही असेल. पण मी आतून पाहिलं आहे. आत भीती होती तशी दुसरीही एक गोष्ट होती. अंगाला आग लागलेली असताना माणसाला दुसरं कुणाचं नावच आठवत नाही.

त्या दिवसापासून घर बदललं. आत्तीनं दाराला लिंबाचे डहाळे बांधले. माझ्याखाली लिंबाचा पाला पसरला. चुलीवर फोडणी बंद झाली, कारण तेल तडतडलं तर देवीच्या अंगाला चटका बसतो. केस विंचरणं बंद, धुणं आपटणं बंद. आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवला. मारुतीची पथारी बाहेर ओट्यावर गेली. नरसक्काच्या माणसांनी माग थांबवला, आणि भिंत पहिल्यांदा गप्प झाली. आवाज जाऊन जी जागा रिकामी राहिली, ती हळूहळू भरू लागली. कशानं, ते मला सांगता येणार नाही. पण मला जाणवायचं, की खोलीत मी मोजली त्यापेक्षा एक माणूस जास्त आहे.

आणि आत्ती माझ्याशी आदरानं बोलू लागली.

"आई, कुशीवर वळा."

"आई, दहीभात आणलाय. तोंड उगडा."

आदल्या आठवड्यात जिनं मला घागर नीट घासली नाही म्हणून परत नळावर पाठवलं होतं, ती माझ्या पायांवर डोकं ठेवत होती. फोड तोंडावर आले, मग पापण्यांवर. डोळे सुजून मिटले. त्यानंतर मला फक्त आवाज उरले. बांगड्यांचा आवाज, उंबऱ्यावर नारळ ठेवल्याचा आवाज, बायकांची कुजबुज. पेठेतल्या बायका ओटी घेऊन यायच्या. कुंकू माझ्या कपाळाला न लावता पायांना लावायच्या आणि प्रश्न विचारायच्या.

"आई, माजा धाकला मुंबईला गेलाय. परत यील का?"

"आई, आमच्या दारावरनं जावा, आत येऊ नगासा."

मी विव्हळले तरी त्या त्याचा अर्थ लावायच्या. मी मान हलवली तर कुणाच्या तरी घरी रडं पडायचं. माझ्या तोंडून निघणारा आवाज माझ्यापर्यंत परत येईपर्यंत दुसऱ्याच कुणाचा तरी झालेला असे.

देवळातल्या देवीला चेहरा असतो. आमच्या पेठेतल्या देवळात, तुळजापूरला, करमाळ्याला मी आईला पाहिलं आहे. नथ, मळवट, मोठे डोळे, हातात शस्त्र. बघितलं की कळतं, ही रागावली आहे की प्रसन्न आहे. पण गल्लीच्या टोकाला लिंबाखाली शेंदूर फासलेला जो दगड होता, त्याला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. सगळ्यात जास्त भीती त्याच देवीची वाटायची. मला वाटतं, तिला स्वतःचा चेहरा नव्हता म्हणून तिला आमचे लागायचे. त्या चैत्रात तिनं माझा घेतला.

मला तहान लागली होती. हे एवढं सांगायला मी हा सगळा लेख लिहिते आहे की काय, असं कधी कधी वाटतं. तशी तहान मला पुन्हा लागली नाही. तापल्या अंगाला पाणी पाजलं तर देवी बाहेर न पडता आतच राहतात, असं लोक मानत. म्हणून लिंबाचं पान पाण्यात बुडवून ओठांवर फिरवायचे, तेवढंच. तापात मला मराठी आठवेना. मी माहेरच्या बोलीत मागत होते, "अव्वा, नीरु कोडु." आई, पाणी दे. सोपं वाक्य आहे. पण तेव्हा खोलीत असलेल्या एकाही बाईला कानडी येत नव्हती, आणि 'नीर' एवढंच ज्यांना कळलं त्यांनी देवीला गारवा हवा आहे असं धरलं. त्यांनी घागर आणून माझ्या पायांवर ओतली. उंबऱ्यावर ओतली. पाणी पाल्याखालून वाहत, माझ्या कानाजवळून मोरीकडं गेलं. ते जाताना मी ऐकलं. ओली बोटं मी तोंडाकडं नेली तर कुणी तरी हात धरला आणि अदबीनं म्हणालं, "असं करू नगासा आई."

नंतरची ती दुपार. बायका जेवायला गेल्या होत्या. उन्हानं पत्रे कडकड वाजत होते. आत्ती एकटी माझ्याजवळ बसून लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होती. डहाळीचा सळसळ आवाज मला आठवतो. मग तो थांबल्याचं आठवतं. मग पावलं. लहान, ओली, अनवाणी पावलं दारापासून माझ्या अंथरुणापर्यंत चपचप करत धावत आली. मोरीत पाणी ठिबकत असेल, असं मी पुढं स्वतःला समजावलं. पण ठिबकणारं पाणी जवळ येत नाही.

त्यानंतर कुणी तरी माझं डोकं उचललं. ओठांना जाड कड लागली, भांड्याची नव्हे, लाकडासारखी. आणि पाणी. खोबऱ्याचा जुना, कोंदट वास असलेलं पाणी. मी प्याले. संपलं की परत आलं, परत प्याले. आणि वर, माझ्या कपाळापाशी, कुणी तरी लहान पोरासारखं हुंदके देऊन रडत होतं. ती आत्ती होती.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. पुढं नरसक्कानं सांगितलं. ती दही घेऊन आली होती आणि दारातच थबकली. तिच्या मोडक्या मराठीत ती म्हणाली, "तू पयला मनला, आये, निरू. मग मनला, माजी करवंटी कुटं हाय. भागाबाईच्या हातातनं डहाळी पडली. ती कणगीवर चढली, आढ्यातनं फडक्याचं गाठोडं काढली. आत करवंटी हुती, घासून घासून गुळगुळीत केल्याली."

आत्तीला एक मुलगी होती. मारुतीच्या पाठची. आत्तीचं माहेर नीरा नदीच्या काठी, बाळंतपण तिथंच झालं, म्हणून नाव निरा. हाक निरू. पाणी ती करवंटीनंच प्यायची. ती सहा-सात वर्षांची असताना देवी आल्या आणि तिला घेऊन गेल्या. त्या घरात तिचं नाव कुणी उच्चारत नसे. मला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

आता मला कळतं. मी 'नीरु' म्हणत होते, पाणी मागत होते, आणि आत्तीला त्यात तिच्या लेकीचं नाव ऐकू आलं. एवढं मी उलगडू शकते. करवंटीचं नाही. आमच्या माहेरी करवंटीनं कुणी पाणी पीत नसे, आणि ते गाठोडं आढ्यात होतं हे मारुतीलासुद्धा माहीत नव्हतं. नरसक्का खोटं बोलणारी बाई नव्हती. मी पुष्कळदा विचार करून पाहिला. तिथं येऊन विचार थांबतो.

देवीला पाणी पाजल्याचं पेठेत कळलं तेव्हा बायका दारात जमल्या. कोप होईल, साऱ्या गल्लीला भोगावं लागेल, असं बोलू लागल्या. आत्ती उंबऱ्यात उभी राहिली. तिचा आवाज मी आतून ऐकला, अगदी शांत. "आईला तान लागली हुती. लेकीनं पानी दिलं. आता कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा." कुणी काही विचारलं नाही.

ताप उतरला. फोड भरले, सुकले, खपल्या धरल्या. डोळे उघडले तेव्हा उजव्या डोळ्यापुढं धुकं होतं, ते आजही आहे. आणि त्या धुक्यातून मला आत्ती दिसली. ती माझ्याकडं अशी बघत होती, जसं माझ्याकडं त्या घरात कुणी बघितलं नव्हतं.

"निरू," ती म्हणाली, "भूक लागली का गं?"

मी हो म्हणून मान हलवली. मला खरंच भूक लागली होती.

त्यानंतरचे दिवस सुखाचे होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे. आत्ती मला भरवायची. रात्री माझ्या अंगावर हात टाकून निजायची. ओव्या म्हणायची, अगदी खालच्या आवाजात. आणि गोष्टी सांगायची. "तुला आठवतं का, आपन नदीला जायचो? तू पायरीवर बसायचीस, पानी पायाला लागलं की वरडायचीस?" मी हूं म्हणायची. रोज ऐकता ऐकता मला ती पायरी दिसू लागली. पायरीची एक कड तुटलेली. पलीकडच्या काठावर एक बोडकं झाड. एक तांबडी शेळी, तिच्या गळ्यात घंटेऐवजी कवडी. कवडीचं आत्तीनं सांगितलं होतं, की मला आधीच दिसलं होतं? मला ठरवता येत नाही. मी आजवर नीरा नदी पाहिलेली नाही. पण डोळे मिटले तर त्या पायरीवरचा गारवा मला तळपायाला जाणवतो.

एकदा मारुती कामावरून आला आणि दाराशी उभा राहिला. आत्ती म्हणाली, "पाय धुवून ये. तुजी भैन जागी हाय."

तो पाय न धुताच परत ओट्यावर गेला.

खपल्या पडून गेल्या, तरी आत्ती देवीची बोळवण करीना. देवी आल्या की त्यांना ओटी भरून, नैवेद्य दाखवून वेशीबाहेर पोचवायचं असतं. तोवर त्या घरात आहेत असं मानतात. बायका विचारायच्या, "बोळवन कवा?" आत्ती म्हणायची, "आईची मर्जी हुईल तवा." मला समजत होतं. देवीला निरोप दिला तर तिच्याबरोबर निरूही जाईल. म्हणून दाराला डहाळे तसेच होते, वाळून काळे झालेले. चूल बिनफोडणीची. आरसा भिंतीकडं. शेजारचा माग सुरू झाला होता, पण आमचं घर अजून त्या दुपारीच थांबलं होतं. आणि माझे केस तसेच होते, बिनतेलाचे, बिनविंचरलेले.

नरसक्कानं ते आधी पाहिलं. एक दिवस ती आत येऊन माझ्या मानेमागं हात घालून म्हणाली, "भागाबाई, पोरीचं केस बघ. गाठ हुतंय. जट झालं तर यल्लम्मा नेती."

आत्ती शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. "न्हेऊ दे," ती म्हणाली. "देवाची लेक हुईल. मरनार तर न्हाई."

आमच्या गावी माझ्याबरोबर शेरडं राखणारी एक मुलगी होती. तिच्या केसांत जट निघाली आणि तिला देवीला सोडलं. गळ्यात कवड्यांची माळ आली, हातात परडी. पुढं ती वर्षातून एकदा जोगवा मागत गावात यायची, तेव्हा तिची सख्खी आई दारात येऊन परडीत पीठ घालायची, तिच्या पाया पडायची आणि एक शब्द न बोलता आत जायची. लेकीशी बोलायची तिला भीती वाटे. ती मुलगी परडी सावरत पुढच्या दाराकडं वळायची. लहानपणी मला वाटे, देवीची झाली म्हणजे केवढा मान. ती वळताना तिचं तोंड कसं व्हायचं, ते मला त्या दिवशी आत्तीच्या घरात आठवलं.

तरीही मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडं भीती होती. गवरा होऊन परत जायचं म्हणजे व्रणांनी भरलेलं तोंड, एक अधू डोळा, रिकामी कूस. तिला कोण ठेवणार? निरूला मात्र आई होती.

मग एका दुपारी, आत्ती देवळात गेली असताना, खिडकीशी सावली आली. मारुती होता. गिरणीतला कापूस अजून त्याच्या भुवयांवर होता. तो गजांना धरून आत अंधारात बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हते.

"गवरा," तो म्हणाला, "तू हायस का आत?"

साधा प्रश्न होता. पण उत्तर द्यायला मला वेळ लागला. मला शोधावं लागलं. नदीची पायरी, तांबडी शेळी, बायकांचे जोडलेले हात, हे सगळं बाजूला करत करत मी आत आत गेले, आणि कुठं तरी तळाशी दुधनीची एक पोर सापडली. ती फार घाबरलेली होती.

"हाय," मी म्हणाले. "मीच हाय."

"बरं," तो म्हणाला. "मी हितंच हाय वट्यावर." आणि गेला.

आत्ती परत आली. मी उठून बसले होते. मी म्हणाले, "आत्ती."

त्या हाकेनंच तिचे हात थांबले. कित्येक दिवस मी तिला कसलीच हाक मारली नव्हती.

"आत्ती, मी गवरा. निरू न्हाई. माजं केस विंचरा."

मला वाटलं ती ओरडेल, किंवा कोसळेल. ती खाली बसली. हातातला प्रसाद तिनं जमिनीवर नीट ठेवला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पयल्या दिसापासनं ठावं हाय."



"तिनं बी मागितलं हुतं," आत्ती म्हणाली. "लई मागितलं. समदी म्हनली, देऊ नगं, देवीचा कोप हुईल. म्या दिलं न्हाई. करवंटी हातात घिऊन बसली हुती पोर. मग मागायची थांबली." ती भिंतीकडं बघत होती. "पुन्यांदा कुनी तरी मागितलं, म्हनून दिलं. कोन मागतंय ते बघितलं न्हाई."

मग ती उठली आणि तेलाची वाटी आणि फणी घेऊन आली. तिनं मला दोन गुडघ्यांमध्ये बसवलं. जट जवळजवळ धरली होती. एकेक गुंता बोटांनी सोडवत, तेल जिरवत, कुठं दुखलं तर थांबत ती संध्याकाळपर्यंत बसून होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी हूं की चूं केलं नाही. तिचा हात मधूनच माझ्या डोक्यावर नुसता राहायचा, काही न करता. मग परत फणी चालू व्हायची.

देवी म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? ग्रंथांत तिची पुष्कळ नावं आहेत, ती मारते, ती तारते, तीच जग निर्माण करते. मला एवढंच माहीत आहे, की त्या खोलीत ती कधी माझ्या अंगात होती आणि कधी आत्तीच्या हातांत. जाळणारीही तीच आणि पाणी मागणारीही. ज्या आईनं लेकीला पाणी दिलं नाही आणि जिनं सुनेला पाजलं, त्या दोघी एकच बाई होत्या. मी तिला माफ केलं का, हा प्रश्नच नाही. मला कुणी तो अधिकार दिला नव्हता. पण मी तिच्या गुडघ्यांमध्ये बसले होते आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोळवण झाली. उन्हात तापवलेल्या पाण्यात लिंबाचा पाला घालून आत्तीनं मला न्हाऊ घातलं. पाटीत हिरव्या बांगड्या, खण, दहीभात आणि दिवा ठेवला. सगळ्यात शेवटी तिनं ती करवंटी पाण्यानं भरून मधोमध ठेवली. पेठेतल्या बायका वाजतगाजत तुळजापूर वेशीपर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या. पुढं आम्ही दोघीच गेलो. दिवस मावळत होता. रस्त्याच्या कडेला एका ओसाड जागी आत्तीनं पाटी खाली ठेवली, दिवा लावला आणि हात जोडले. ती काय पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही.

परतताना मागं वळून बघायचं नसतं. बघितलं तर पोचवलेली देवी परत पाठीशी लागते, असं मला बायकांनी पुन्हापुन्हा बजावलं होतं. मी मान ताठ ठेवून चालत होते. वारा नव्हता. आमच्या दोघींच्या पायाखालचा फुफाटा तेवढा वाजत होता, आणि थोड्या वेळानं मला वाटू लागलं की तो दोघींच्याच पायांचा नाही. मी चालण्याचा वेग वाढवला. आत्ती मात्र हळू झाली. मग थांबली.

आणि वळली.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून फक्त तिला पाहिलं. ती लांब, दिव्याकडं बघत नव्हती. तिची नजर अगदी जवळ होती, आणि खाली, कमरेच्या उंचीवर, लहान मूल उभं असावं तिथं. आत्तीला हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती हसत होती. तिनं हात थोडा पुढं केला, काही तरी सारखं केल्यासारखा, बट किंवा झगा, आणि परत घेतला.

मग ती माझ्याकडं वळली. तिनं माझा हात धरला, तो ओला होता.

"चल गवरा," ती म्हणाली. "मारुती उपाशी आसंल."